'द प्राइड ऑफ द यँकीज' बघण्याआधी आणि बघून झाल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे महिन्यातल्या एका शनिवारी भिंतीवर पांढरी चादर लावून जुना सिनेमा बघायचा रिवाज आहे. दहा-बारा डोकी जमतात. निम्म्यांना अमेरिकन उच्चार कळत नाहीत आणि बेसबॉल तर कुणालाच कळत नाही. तरी १९४२ सालचा हा सिनेमा आतापर्यंत तीनदा लावावा लागलाय. दर वेळी तेच प्रश्न येतात, नेमके रंगात आल्यावर येतात, आणि मी उत्तर देईपर्यंत पडद्यावरचा प्रसंग निघून जातो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. शेवट आधीच फोडला अशी तक्रार मात्र करू नका. १९४२ सालच्या प्रेक्षकालाही शेवट ठाऊक होता. नायकाला जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

सिनेमा कुणावर आहे?

लू गेरिगवर. न्यूयॉर्क यँकीज संघाचा फर्स्ट बेसमन. जन्म १९ जून १९०३, न्यूयॉर्कमध्येच, जर्मनीहून आलेल्या गरीब आईबापांच्या पोटी. आई दुसऱ्यांकडे स्वयंपाक, धुणी करायची. पोरगा कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला, तिथे त्याचा खेळ बघून यँकीजनी १९२३ साली त्याला उचलला. १९२५ ते १९३९ या काळात तो एकही सामना न चुकवता सलग २१३० सामने खेळला. मग अंगातली ताकद अचानक जायला लागली, असाध्य आजार निघाला आणि २ जून १९४१ रोजी तो गेला. वय ३७.

पुढच्याच वर्षी, १९४२ च्या जुलैत, सिनेमा पडद्यावर आला. दिग्दर्शक सॅम वुड, निर्माता सॅम्युअल गोल्डविन. लूच्या भूमिकेत गॅरी कूपर, त्याची बायको एलिनॉर झाली टेरेसा राइट.

नावातले 'यँकीज' म्हणजे अमेरिकन लोक का?

नाही, संघाचं नाव. त्याच वर्षी 'यँकी डूडल डँडी' नावाचाही सिनेमा आला होता, त्याचा बेसबॉलशी काही संबंध नाही. गंमत अशी की सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करला दोन्ही यँकी समोरासमोर उभे राहिले आणि गॅरी कूपर हरला. बक्षीस जेम्स कॅग्नीला गेलं.

बेसबॉलचं ओ की ठो कळत नाही. तरी बघावा का?

बघा. निर्मात्याला तरी कुठे कळत होतं! गोल्डविनचं मत होतं की बेसबॉलच्या सिनेमाला कुत्रंसुद्धा येत नाही. त्याच्याकडच्या निव्हन बुश या लेखक-संपादकाने त्याला गेरिगच्या निरोपाच्या दिवसाची वृत्तचित्रं दाखवली. दिवे लागले तेव्हा गोल्डविनच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि सिनेमा ठरला. (याच बुशचं पुढे टेरेसा राइटशी लग्न झालं.)

तुम्हाला एवढंच माहीत असलं तरी पुरे: चौकोनी मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. चेंडू मारून चारही ठाणी शिवून परत आलात की एक धाव. चेंडू थेट कुंपणापार गेला तर होम रन, म्हणजे आपला षटकार समजा. फलंदाजाचे तीन 'स्ट्राइक' झाले, म्हणजे साधारण तीनदा चेंडू हुकला, की तो बाद. हा तीनाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे डॉक्टरच्या खोलीत लागणार आहे. आणि फर्स्ट बेसमन म्हणजे पहिल्या ठाण्यावर पाय रोवून सगळ्यांनी फेकलेले चेंडू झेलणारा माणूस. दिवसभर झेलायचं, फारसं कुणाच्या नजरेत भरायचं नाही. गेरिगच्या स्वभावाला साजेशी जागा.

सलग २१३० सामने म्हणजे नेमकं किती मोठं?

आपल्याकडे सुनील गावसकर सलग १०६ कसोट्या खेळले तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. पण कसोटी आणि बेसबॉलचा सामना यांची सरळ तुलना होत नाही. गेरिगच्या काळात एका हंगामात १५४ सामने असायचे, वसंतापासून शरदापर्यंत जवळजवळ रोज एक, मधे आगगाडीचे प्रवास. अशी जवळपास चौदा वर्षं. त्याचं टोपणनाव 'आयर्न हॉर्स' होतं, म्हणजे शब्दशः लोखंडी घोडा, पण तिकडे त्याचा अर्थ रेल्वेचं इंजिन. माझ्या आत्याने भाषांतर केलं, 'आगीनगाडी'. मला वाटतं तेच बरोबर आहे.

हे सगळं काही तब्येत ठणठणीत होती म्हणून झालं नाही. पुढे हातांचे एक्स-रे काढले तेव्हा बोटांची कित्येक हाडं कधीतरी मोडून आपोआप जुळलेली दिसली. १९३४ साली नॉरफोकला एका प्रदर्शनीय सामन्यात डोक्यात चेंडू लागून तो बेशुद्ध पडला, आणि दुसऱ्या दिवशी मैदानात हजर. त्याच वर्षी जुलैत पाठ इतकी धरली की उभं राहता येईना. तेव्हा साखळी तुटू नये म्हणून यादीत त्याचं नाव पहिल्या फलंदाजाच्या जागी घातलं, तो एकदा फटका मारून गेला आणि घरी. ही क्लृप्तीच होती, आणि तेव्हाही काहींनी नाक मुरडलं. सिनेमाने हा भाग गाळलाय. मला तो असता तर आवडलं असतं. माणूस हट्टी होता हे त्यातून कळतं.

विक्रम १९९५ पर्यंत टिकला. ६ सप्टेंबर १९९५ रोजी कॅल रिपकेन ज्युनियरने तो मोडला.

यात खरे खेळाडू आहेत म्हणतात. कोणते, आणि ओळखायचे कसे?

चौघे आहेत, चौघेही स्वतःच्याच नावाने: बेब रूथ, बिल डिकी, बॉब म्यूझल आणि मार्क कोनिग. शिवाय बिल स्टर्न हा त्या काळचा प्रसिद्ध रेडिओ समालोचकही स्वतःच्याच भूमिकेत आहे.

बेब रूथला ओळखायला अडचण येणार नाही. मोठं डोकं, बसकं नाक, बारीक पाय आणि खोली भरून टाकणारा आवाज. अमेरिकेत तो खेळाडू कमी आणि दैवत जास्त होता. १९३५ ला निवृत्त झालेला, सिनेमाच्या वेळी ४७ वर्षांचा. पडद्यावर आपली तरुणपणची छबी दिसावी म्हणून त्याने उपासतापास करून भराभर वजन उतरवलं आणि त्यापायी आजारी पडला. सिनेमात मात्र मजेत आहे. आगगाडीतला प्रसंग बघा: रूथची नवीकोरी गवती हॅट संघातली पोरं चोरतात आणि एकेक जण तिचा लचका तोडतो. नवशिक्या लूच्या हातात ती येते. त्याची पंचाईत होते, दैवताची हॅट खायची कशी? खातो. तेवढ्यात रूथ समोर उभा. इथे कूपर अभिनय करतोय आणि रूथ फक्त रूथ असतो. दोघांच्या असण्यातला हा फरक फार मजेशीर दिसतो.

बिल डिकी हा यष्टिरक्षकासारख्या जागेवरचा, म्हणजे कॅचर. संघ दौऱ्यावर असला की तो आणि गेरिग एकाच खोलीत राहायचे. चित्रीकरणाच्या काळात तो यँकीजकडून खेळतच होता. कपडे बदलायच्या खोलीत एक खेळाडू गेरिगबद्दल वाकडं बोलतो आणि डिकी त्याला ठोसा लगावतो, तो हाच. खऱ्या मित्राने खोट्या गेरिगसाठी मारलेला ठोसा. मी दर वेळी इथे सिनेमा थांबवून हे सांगतो, आणि दर वेळी लोक वैतागतात.

म्यूझल आणि कोनिग हे १९२७ च्या त्या प्रचंड संघातले. त्या वर्षी यँकीजनी ११० सामने जिंकले, रूथने ६० होम रन मारले आणि गेरिगने ४७. या दोघांना सिनेमात फारसं काम नाही, पण घोळक्यात असतात. घोळका खरा वाटतो तो त्यांच्यामुळेच.

रूथ आणि गेरिग खरंच इतके दोस्त होते?

सुरुवातीला होते. पुढे १९३०च्या दशकात बिनसलं, आणि तेही खेळावरून नाही. लूच्या आईने रूथच्या घरच्या मुलीच्या कपड्यांवरून काहीतरी बोलून दाखवलं, ते रूथच्या बायकोच्या कानावर गेलं, आणि पुढची काही वर्षं दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. वाड्यात शोभेल असं भांडण! ४ जुलै १९३९ ला निरोपाच्या दिवशी रूथने मैदानात येऊन गेरिगला मिठी मारली, त्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. सिनेमात अबोला नाही. रूथ स्वतः सेटवर असताना तो कोण दाखवणार?

गॅरी कूपरला बेसबॉल येत होता का? फिल्म उलटी छापली होती ही गोष्ट खरी आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर.

कूपरला बेसबॉल येत नव्हता. तो माँटानाचा, घोड्यावर बसणारा गडी. शिवाय उजखोरा, आणि गेरिग पक्का डावखुरा: फलंदाजी डावी, फेक डावी. कूपरला शिकवायला लेफ्टी ओ'डूल या माजी खेळाडूला आणलं. दोनदा फलंदाजीचं विजेतेपद मिळवलेला माणूस, पण विद्यार्थी चाळिशीचा. हो, कूपर गेरिगपेक्षा दोन वर्षांनी मोठाच होता, आणि सिनेमात तो कॉलेजकुमारही झालाय. ते जरा गोड मानून घ्यावं लागतं.

आता दंतकथा. ती अशी: कूपरला डाव्या हाताने मारणं जमेना, म्हणून त्याला उजव्या हाताने मारायला लावलं, चेंडू मारून पहिल्या ठाण्याऐवजी तिसऱ्या ठाण्याकडे पळवलं, सदऱ्यांवरची अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी शिवून घेतली आणि मग फिल्म उलटी छापली. आरसा उलटा केला की सगळं सुलटं! ही गोष्ट इतकी सुबक आहे की सत्तर वर्षं लोकांनी ती डोळे मिटून सांगितली. मीही सांगायचो.

२०१३ साली अमेरिकेतल्या बेसबॉल हॉल ऑफ फेमच्या टॉम शीबर या अभ्यासकाने सिनेमा बारकाईने तपासला. निष्कर्ष असा निघाला की कूपर डाव्या हाताने फलंदाजी करायला खरोखरच शिकला होता आणि ती दृश्यं सरळच छापलेली आहेत. उलटवलेला भाग असलाच तर एक छोटा तुकडा, हार्टफोर्डच्या संघातल्या दिवसांतला, जिथे कूपर चेंडू फेकताना दिसतो. डाव्या हाताची फेक त्याला काही साधली नाही. बाकी ठिकाणी दुरून फेकताना दिसतो तो बेब हर्मन हा दुसराच खेळाडू. (यातले बेब मोजायला लागलात तर गोंधळ होईल. रूथ बेब, हर्मन बेब, आणि २ मे १९३९ ला गेरिगच्या जागी जो उतरला तो डालग्रेनही बेबच.)

बघताना एक करा. कूपर फलंदाजीला उभा राहिला की त्याच्या खांद्यांकडे बघा. फटका ठीक आहे, पण मारून झाल्यावर बॅट खाली ठेवताना तो किंचित जपून ठेवतो, पाहुण्यांच्या घरची कपबशी ठेवावी तशी. खेळाडू अशी ठेवत नाहीत.

हेल्मेट का नाही घातलं कुणी?

शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाचा प्रश्न. मोठ्यांपैकी कुणालाच सुचला नव्हता. तेव्हा हेल्मेटची पद्धतच नव्हती, कापडी टोपी घालून खेळायचे.

चित्रीकरण खऱ्या यँकी स्टेडियममध्ये झालं का?

मुख्य चित्रीकरण लॉस एंजेलिसमधल्या रिगली फील्डवर झालं. शिकागोचं प्रसिद्ध रिगली फील्ड ते वेगळं. दोन्हींना नाव एकाच च्युइंगगमवाल्या मालकाचं. लॉस एंजेलिसचं ते मैदान आता उरलेलं नाही.

यातलं किती खरं आणि किती रचलेलं?

चौकट खरी, भरणा बराचसा रचलेला. मोठे मोठे घोटाळे तेवढे सांगतो.

सॅम ब्लेक हा पत्रकार, वॉल्टर ब्रेननने केलेला, काल्पनिक आहे. त्याच्याशी सतत हुज्जत घालणारा दुसरा पत्रकारही काल्पनिक. पण ही जोडी नसती तर सिनेमा फार गोडगोड झाला असता.

हॉस्पिटलमधला बिली. रूथ वार्ताहरांचा ताफा घेऊन येतो, आजारी मुलाला एक होम रन मारायचं वचन देतो, फोटो काढून निघून जातो. मग खोली रिकामी झाल्यावर लू दोन मारायचं कबूल करतो. गेरिगच्या आयुष्यात असं घडलं नव्हतं. १९२६ साली घोड्यावरून पडलेल्या न्यू जर्सीतल्या एका मुलाला रूथने असं वचन पाठवलं होतं, त्यावरून हे बेतलंय. म्हणजे गोष्ट रूथची, श्रेय गेरिगला, आणि रूथ स्वतः त्या प्रसंगात थोडा दिखाऊ माणूस म्हणून उभा! त्याने ते काम हसत केलं, हे मला त्याच्या मोठेपणाचं लक्षण वाटतं.

वॉली पिपची डोकेदुखी. फर्स्ट बेसवरचा आधीचा खेळाडू पिप एक दिवस डोकं दुखतंय म्हणून बसला आणि जागा कायमची गेली, ही अमेरिकेतली म्हणच झालीये. पिपच्या डोक्याला चेंडू खरंच लागला, पण तो नंतर, जुलैत. २ जून १९२५ ला त्याला बसवलं कारण त्याचा आणि संघाचा खेळ मंदावला होता आणि व्यवस्थापक मिलर हगिन्सने बरीच उलथापालथ केली. त्यातही साखळी सुरू झाली ती आदल्या दिवशी, १ जूनला, गेरिग वॅनिंजर नावाच्या खेळाडूऐवजी एकदा फलंदाजीला आला तिथून. आणि या वॅनिंजरनेच काही आठवड्यांपूर्वी एव्हरेट स्कॉटची जागा घेतली होती, ज्याचा सलग १३०७ सामन्यांचा जुना विक्रम होता. ही साखळीतली साखळी पटकथाकारांनी कशी सोडली कोण जाणे.

आईचा हार्वर्ड-हार्टफोर्ड गोंधळ. मुलगा हार्टफोर्डच्या संघाकडे खेळायला जातोय आणि आईला वाटतं हार्वर्डला शिकायला चाललाय. प्रसंग विनोदी म्हणून झकास आहे. खरोखर तो आधीच कोलंबियात शिकत होता. पण आईला पोरगा इंजिनिअर व्हायला हवा होता आणि खेळ म्हणजे वेळेचा नाश, हे जे घरातलं वातावरण आहे ते आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

लग्नाचा प्रसंग अतिरंजित वाटतो, पण तो जवळजवळ खरा आहे. सप्टेंबर १९३३ मध्ये न्यू रोशेलच्या नव्या घरात कारागीर काम करत असतानाच महापौराला बोलावून त्यांनी लग्न उरकलं, आणि मोटारसायकलवरच्या पोलिसांच्या संगतीने नवरदेव सामन्याला पळाला.

सासू-सुनेचं जे दाखवलंय ते?

सौम्य करून दाखवलंय. सिनेमात आई नव्या घरात येऊन भिंतीचे कागद आणि फर्निचर स्वतःच्या पसंतीने ठरवायला लागते, लूला एकदा ठामपणे बोलावं लागतं, आणि मिटतं. प्रत्यक्षात दोघींचं सहसा पटलं नाही. आमच्या घरच्या बैठकीत मात्र सगळ्यात मोठा हशा त्या वॉलपेपरलाच येतो.

त्याला झालं काय होतं? सिनेमात आजाराचं नाव का घेत नाहीत?

अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, थोडक्यात एएलएस. आपल्याकडे डॉक्टर बहुधा 'मोटर न्यूरॉन डिसीज' म्हणतात. स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात, स्नायू वाळत जातात, शेवटी गिळणं आणि श्वास घेणंही अवघड होतं. बहुतेकांची बुद्धी आणि संवेदना शाबूत असतात, आणि तेच जास्त क्रूर. स्टीफन हॉकिंग यांना झाला होता तो हाच, आणि २०१४ साली लोक डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेत होते तेही याच आजाराच्या मदतीसाठी. अमेरिकेत आजही त्याला 'लू गेरिगचा आजार' म्हणतात.

१९३८ च्या हंगामातच खेळ उतरला होता. १९३९ ला पहिल्या आठ सामन्यांत २८ प्रयत्नांत फक्त चार फटके. २ मे ला डेट्रॉइटमध्ये त्याने व्यवस्थापक जो मॅकार्थीला स्वतःहून सांगितलं की आज मला बसवा. तो कप्तान होता, त्यामुळे स्वतःचं नाव नसलेली यादी पंचांकडे त्यानेच नेऊन दिली. १९ जूनला, छत्तिसाव्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकमध्ये निदान झालं.

सिनेमात नाव येत नाही. लू डॉक्टरला एवढंच विचारतो की हा तिसरा स्ट्राइक का? डॉक्टर हो म्हणतो. खेळाची भाषा सोडून त्याला दुसरी भाषाच येत नाही, आणि डॉक्टरही त्याच भाषेत उत्तर देतो. मग तो बायकोला सांगू नका म्हणतो, आणि बाहेर पत्रकार ब्लेकचा चेहरा बघून तिला कळायचं ते कळतं. १९४२ च्या सिनेमात असाध्य आजाराचे तपशील दाखवायची रीत नव्हती, हे खरंच. पण मला वाटतं नाव घेतलं नाही म्हणून तो प्रसंग टिकला. आजचा सिनेमा इथे पाच मिनिटं एमआरआय दाखवेल.

ते प्रसिद्ध भाषण जसंच्या तसं आहे का?

नाही. आणि हा फरक जाणून घेण्यासारखा आहे.

४ जुलै १९३९, यँकी स्टेडियम, दोन सामन्यांच्या मधली वेळ, साठ हजारांहून जास्त माणसं. गेरिगला बोलायचं नव्हतं, आग्रहाने उभा केला. आपल्याला माहीत असलेलं वाक्य, 'आज मी स्वतःला या पृथ्वीतलावरचा सगळ्यात भाग्यवान माणूस समजतो', ते त्याने अगदी सुरुवातीलाच म्हटलं. आधीच्या वाक्यात फक्त एवढं, की गेले दोन आठवडे तुम्ही माझ्यावरच्या आपत्तीबद्दल वाचताय. 'भाग्यवान' म्हणून मोकळा झाला, आणि पुढचा सगळा वेळ त्याचा हिशोब देत राहिला: अमुक व्यवस्थापक मिळाला, अमुक सोबती मिळाले, मैदान राखणाऱ्या माळ्यांपर्यंत सगळ्यांनी भेटी पाठवल्या. सासूचाही उल्लेख केला, की स्वतःच्या लेकीशी भांडण झालं तरी ती माझी बाजू घेते. साठ हजार लोकांपुढे सासूचे आभार!

सिनेमात तेच वाक्य उचलून शेवटी ठेवलंय. नाटकाच्या हिशोबाने योग्य, कारण त्यानंतर काही बोलता येत नाही. सासू गाळली. मूळ भाषणाचं पूर्ण चित्रीकरण शिल्लक नाही, काही वाक्यंच वृत्तचित्रांत उरलीत. त्यामुळे आज बहुतेक लोकांच्या कानात भाषण घुमतं ते कूपरच्या आवाजात. १९४३ साली कूपर पॅसिफिकमधल्या सैनिकांच्या मनोरंजनासाठी दौऱ्यावर गेला, तेव्हा न्यू गिनीत भर पावसात बसलेल्या जवानांनी त्याच्याकडे गाणं किंवा नक्कल नाही मागितली, हे भाषण मागितलं. त्याने थोडा वेळ मागून घेतला, आठवून कागदावर उतरवलं आणि म्हटलं.

युद्धाचा हा धागा सिनेमाच्या पहिल्या चौकटीतच आहे. डेमन रनियन या पत्रकार-लेखकाने लिहिलेल्या प्रस्तावनेत गेरिगचं धैर्य रणांगणावरच्या तरुणांच्या धैर्याशी जोडलंय. अमेरिका युद्धात उतरून तेव्हा सातच महिने झाले होते.

ऑस्कर किती मिळाले?

अकरा नामांकनं, बक्षीस एक: संकलनासाठी डॅनियल मँडेल यांना. टेरेसा राइटला त्या वर्षी दोन नामांकनं होती, यासाठी मुख्य अभिनेत्रीचं आणि 'मिसेस मिनिव्हर'साठी सहायक अभिनेत्रीचं. दुसरं मिळालं.

कंटाळवाणा आहे का? खरं सांगा.

मधे आहे. सिनेमा १२८ मिनिटांचा, कृष्णधवल. नाइट क्लबमधलं एक जोडीनृत्य येतं, व्हेलोझ आणि योलांडा या तेव्हाच्या नामांकित जोडीचं. नाचतात सुंदर, पण कथा तिथे चहा प्यायला जाते. तुम्हीही जा. आणि बेसबॉल बघायला बसलात तर फसाल, प्रत्यक्ष खेळ फारच थोडा आहे. ही मुळात एका लाजाळू माणसाची आणि त्याला चिडवणाऱ्या बायकोची प्रेमकथा आहे. पहिल्या भेटीत तो जमिनीवरच्या बॅटींना अडखळतो आणि प्रेक्षकांत बसलेली एलिनॉर त्याला ओरडून चिडवते. तेव्हा आपण हसतो. पुढे त्याचा पाय खरोखरच साथ द्यायचा थांबतो तेव्हा ते हसू आठवतं, आणि सिनेमा त्याकडे बोटही दाखवत नाही.

लू गेरिग स्वतः कुठल्या सिनेमात दिसतो का?

हो! 'रॉहाइड', १९३८, चक्क काउबॉयपट. त्यात तो लू गेरिगच आहे, खेळ सोडून कुरणावर राहायला आलेला. अभिनय यथातथाच, पण हसतो छान. त्याच वर्षी मैदानावर त्याचा खेळ उतरायला लागला होता हे लक्षात ठेवून बघितलं की गुंडांशी होणाऱ्या मारामाऱ्या बघवत नाहीत.

खऱ्या खेळाडूंनी स्वतःची भूमिका केलेला आणखी एखादा?

'द जॅकी रॉबिन्सन स्टोरी', १९५०. तिथे नायक स्वतः जॅकी रॉबिन्सनच आहे.

एलिनॉरचं पुढे काय झालं?

तिने पुन्हा लग्न केलं नाही. मूलबाळ नव्हतं. या आजाराच्या संशोधनासाठी पैसा उभा करायला तिने पुढे बरंच काम केलं आणि १९८४ साली गेली. पडद्यावरच्या एलिनॉरला, टेरेसा राइटला, तरुणपणी बेसबॉलमध्ये काही रस नव्हता. म्हातारपणी मात्र ती यँकीजची पक्की भक्त झाली.

सदऱ्यावर ४ हाच आकडा का?

यँकीजनी १९२९ साली सदऱ्यांवर आकडे घातले ते फलंदाजीच्या क्रमाने. तिसरा रूथ, म्हणून ३. त्याच्यामागे गेरिग, म्हणून ४. गेरिगनंतर तो ४ पुन्हा कुणालाच दिला नाही. मोठ्या लीगमध्ये आकडा असा कायमचा बाजूला ठेवला जाण्याचा मान मिळालेला तो पहिला खेळाडू.

भाषण झाल्यावर तो त्या अंधाऱ्या वाटेने जातो, मग एकदम संपतं. आमची कॉपी कापलेली आहे का?

नाही, तेवढंच आहे. भाषण झाल्यावर कूपर पाठमोरा होऊन खेळाडूंच्या बोगद्याकडे चालायला लागतो. मृत्यू नाही, अंत्ययात्रा नाही, रडणारी बायको नाही. तो आत शिरतो आणि मागे मैदानावर पंचाचा आवाज येतो, 'प्ले बॉल!' दोन सामन्यांचा दिवस होता, दुसरा सामना व्हायचा होता.

दिवे लगेच लावू नका.